दक्षिण युटामधील कच्चे रस्ते: दीडशे वर्षांपूर्वीची तरतूद आणि आजचा वाद

अमेरिकेतील युटा राज्याच्या दक्षिण भागातील लाल खडकांतून पर्यटक आज ज्या कच्च्या रस्त्यांनी हिंडतात, त्यांतला एखादाच देखाव्यासाठी काढलेला असेल. ‘होल-इन-द-रॉक’ची वाट १८७९-८० च्या हिवाळ्यात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतकारांनी खडक फोडून कोलोरॅडो नदीपर्यंत नेली; बर ट्रेलवरून गुरे हाकली जात; आणि कॅन्यनलँड्समधील सुमारे १६० किलोमीटरचा व्हाइट रिम रस्ता १९५० च्या दशकात युरेनियमच्या शोधापायी झाला. तिथले राष्ट्रीय उद्यान त्यानंतरचे, १९६४ चे.

या वाटा कोणाच्या, हा प्रश्न १८६६ च्या खाणविषयक कायद्यातील एका कलमाने निर्माण केला. सार्वजनिक उपयोगासाठी राखून न ठेवलेल्या सरकारी जमिनीवर मार्ग बांधण्याचा हक्क त्या कलमाने सरसकट देऊन टाकला, आणि त्यासाठी ना अर्ज लागत होता, ना नोंद. १९७६ मध्ये ते रद्द झाले, मात्र तोवर प्रस्थापित झालेले हक्क कायम राहिले. खरा गुंता तिथून सुरू झाला, कारण त्याच १९७६ च्या कायद्याने पाच हजार एकर किंवा त्याहून मोठे रस्ताविरहित प्रदेश शोधून त्यांना निसर्गराखीव दर्जा देण्याचा विचार करायला सांगितले. त्या पाहणीत यंत्राने सुधारलेला आणि देखभाल केलेला मार्गच रस्ता मानला गेला. नुसत्या चाकांच्या ये-जा करण्याने टिकलेली चाकोरी नव्हे. युटाच्या कायद्यानुसार मात्र सलग दहा वर्षांची सार्वजनिक वहिवाट पुरेशी होती. त्यामुळे एकच वाट एका व्याख्येत रस्ता ठरते आणि दुसऱ्या व्याख्येत ठरत नाही. वाट सिद्ध झाली की भोवतालच्या जमिनीचा निसर्गराखीव दर्जा धोक्यात येतो, हे दोन्ही बाजू पुरेपूर जाणून होत्या. देखाव्याचे किंवा पर्यटकांच्या सोयीचे युक्तिवाद त्यामानाने दुय्यमच.

१९८८ मध्ये बर ट्रेलच्या रुंदीकरणाच्या खटल्यात अपील न्यायालयाने हक्काची व्याप्ती राज्याच्या कायद्यावरून ठरवली. १९९६ च्या सप्टेंबरमध्ये तिथला मोठा प्रदेश राष्ट्रीय स्मारक, म्हणजे संरक्षित क्षेत्र, म्हणून घोषित झाला आणि त्याच शरद ऋतूत काही परगण्यांनी (काउंटींनी) परवानगीची वाट न पाहता वाटांवर यंत्रे फिरवली. त्यावरून उभा राहिलेला खटला २००५ पर्यंत चालला. जमीन सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याला या हक्कांचा अंतिम निवाडा करता येणार नाही, तो न्यायालयानेच करायचा, आणि ‘बांधणी’साठी यंत्राचे काम आवश्यक नाही, वापर पुरे, असे त्या निकालाने ठरवले. परगण्यांच्या बाजूचा म्हणून तो गाजला, पण त्याने पुराव्याचा भारही त्यांच्याच माथी ठेवला, हे फारसे सांगितले जात नाही. २०१४ मध्ये कॅन्यनलँड्समधील सॉल्ट क्रीकच्या पात्रातील वाटेवरचा दावा नेमका तिथेच फसला: उद्यान होण्यापूर्वीची दहा वर्षांची सलग सार्वजनिक वहिवाट सिद्ध झाली नाही.

दरम्यान २०११-१२ मध्ये राज्य व परगण्यांनी बारा हजारांहून अधिक वाटांवर दावे लावले. १९७६ पूर्वीची दहा वर्षे आठवणारे साक्षीदार आता वृद्ध असल्याने, खटला उभा राहण्याआधीच त्यांच्या साक्षी नोंदवून ठेवाव्या लागल्या. २०२३ मध्ये युटातील मोआब गावाजवळच्या सुमारे ५१० किलोमीटर वाटा वाहनांना बंद झाल्या, त्यांतल्या काहींवरही राज्याचा हाच दावा आहे.