प्लग बाहेर पेटतो, मग आत का नाही?

सायकलला बसवलेलं छोटं टू-स्ट्रोक इंजिन असो की बांधावर उभी असलेली जुनी लुना, पायडल मारून घाम निघाला तरी गाडी उठेना की आपल्याकडे आधी स्पार्क प्लग काढतात. कॅप लावून तो इंजिनाच्या हेडला टेकवायचा, चाक फिरवायचं, ठिणगी दिसली की ‘करंट तर येतोय’ म्हणत कार्ब्युरेटर खोलायला बसायचं. फसगत होते ती इथेच.

मोकळ्या हवेत ठिणगी पाडायला मिलिमीटरला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. सिलिंडरमध्ये पिस्टन वर आला की हवा-पेट्रोलचं मिश्रण कित्येक पट दाबलं जातं. रेणूंच्या त्या दाटीत इलेक्ट्रॉनला वेग घ्यायला वावच उरत नाही, म्हणून तेवढ्याच फटीला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. बाहेर दिसलेली बारीक पिवळट ठिणगी आत विझलेलीच असू शकते. ठिणगी निळसर आणि ‘टक्’ आवाजाची हवी. ती सावलीत तपासा. जळगावच्या एप्रिलच्या उन्हात चांगलीसुद्धा दिसत नाही. झिजून प्लगच्या टोकांमधली फट, म्हणजे गॅप, वाढला असेल तर फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तो ०.६ मिमीच्या आसपास आणा. एवढ्यानेच अनेक गाड्या उठतात.

पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडलं की प्लगवर काजळी धरते आणि करंट गॅप न ओलांडता काजळीतूनच गळतो. सीडीआयमध्ये, म्हणजे कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एकदम सोडणाऱ्या इग्निशनमध्ये, व्होल्टेज फार झपाट्याने चढतं, त्यामुळे गळतीला वेळ कमी मिळतो. जुन्या पॉइंट-कंडेन्सरला, म्हणजे उघडझाप करणाऱ्या यांत्रिक स्विचच्या इग्निशनला, ते जमत नाही. टू-स्ट्रोकला दर फेऱ्याला ठिणगी लागते, म्हणजे मिनिटाला ६,००० फेरे असतील तर सेकंदाला १००.

आता वायरिंग. माझ्या मते निम्म्या तक्रारी इथल्याच. पिळ मारून वर काळी टेप गुंडाळलेला जोड आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही. टेपचा चिकटा वितळतो, टेप सरकते. नुसता सोल्डरही भरवशाचा नाही, कारण कथील जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. दाबून बसवलेला लग (वायरच्या टोकाचा धातूचा तुकडा), वर हीट-श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) आणि वायरला थोडी ढील, हे उत्तम. अर्थिंगच्या बोल्टाखालचा रंग मात्र खरवडायलाच हवा.

बंद करायच्या बटणाचा हिशेब घरातल्या दिव्याच्या उलटा असतो. दाबलं की ते मॅग्नेटचा (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या चुंबकाचा) करंट थेट बॉडीला, म्हणजे अर्थला देतं. त्यामुळे ही वायर तुटली तर इंजिन बंद होत नाही, आणि हँडलजवळ घासून तिचं कव्हर गेलं तर ती बॉडीला टेकते आणि इंजिन सुरूच होत नाही. ठिणगी अजिबात नसेल तर आधी बटणाची वायर सोडून पाहा. गाडी उठली तर कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) विकत घेऊ नका, वायर बदला. तोवर इंजिन बंद करायला चोक (हवा अडवणारी झडप) ओढायचा.