चेंडूवरील ताबा : खेळाडूंच्या तुलनेतील मर्यादा

फुटबॉल सामन्यात चेंडू कोणत्या संघाकडे किती प्रमाणात राहिला हे सांगणारी टक्केवारी म्हणजे चेंडूवरील ताबा, अर्थात बॉल पझेशन. हा आकडा संघाचा असतो. पण पास, टॅकल (प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू काढून घेणे), इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याचा पास मध्येच अडवणे) अशा वैयक्तिक नोंदींवर त्याची छाया पडते आणि ती लक्षात न घेतल्यास दोन खेळाडूंची तुलना फसते.

ऑप्टासारख्या सामन्यांची आकडेवारी नोंदवणाऱ्या संस्था ताबा घड्याळावर नव्हे, तर पासांच्या संख्येवरून काढतात. त्यामुळे चेंडू पायाशी ठेवून मुसंडी मारणाऱ्या खेळाडूचा वेळ हिशेबात येत नाही, तर बचावफळीत आपसांत फिरवलेल्या शॉर्ट पासांनी टक्केवारी वाढते. २०१८ च्या विश्वचषकात स्पेनने रशियाविरुद्ध हजाराहून अधिक पास दिले. तरी १२० मिनिटांत त्यांना मिळालेला एकमेव गोल हा रशियाच्या इग्नाशेविचचा स्वयंगोल होता, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये स्पेन हरला. त्या दिवशीच्या स्पॅनिश खेळाडूंचे पासांचे आकडे पाहून त्यांच्या सर्जनशीलतेचा अंदाज बांधणे अन्यायाचेच ठरेल.

बचावाच्या नोंदींत हा घोळ उलट दिशेने होतो, कारण चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असेल तेव्हाच टॅकल करता येते. २०१५-१६ मध्ये इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकणाऱ्या लेस्टर सिटीकडे चेंडू बहुधा कमीच असे, आणि त्या संघाचा एन्गोलो कान्टे टॅकल व इंटरसेप्शन या दोन्हींत लीगमध्ये अव्वल होता. पुढच्या हंगामात तो चेल्सीकडे गेला. त्याचे हे आकडे घटले, पण संघ विजेता झाला आणि खेळाडूंच्या संघटनेने त्यालाच वर्षातील सर्वोत्तम खेळाडू निवडले.

यावरचा प्रचलित उपाय म्हणजे ताब्यानुसार दुरुस्ती. समजा, एका मध्यरक्षकाच्या संघाकडे ६५ टक्के ताबा आहे आणि तो सामन्याला २.१ टॅकल करतो. दुसऱ्याच्या संघाकडे ४० टक्के ताबा असून त्याच्या टॅकल ३ आहेत. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा ताबा अनुक्रमे ३५ आणि ६० टक्के आहे. तो दोघांसाठीही ५० टक्के धरून टॅकल त्याच प्रमाणात बदलल्या, तर पहिल्याचा आकडा ३ होतो आणि दुसऱ्याचा २.५, म्हणजे क्रमच उलटतो. ही दुरुस्तीही ढोबळच आहे, कारण आघाडी मिळालेला संघ अनेकदा मुद्दाम चेंडू सोडून मागे सरतो आणि टक्केवारी गोलफलकाप्रमाणे बदलत राहते.

कोल्हापुरात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या स्पर्धांत पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांसारखे मातब्बर संघ आणि तुलनेने नवखे संघ एकाच मैदानावर उतरतात. नवख्या संघाचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, दिवसभर चेंडू बाहेर काढत राहतो, तर मातब्बर संघाच्या स्टॉपरच्या वाट्याला दोन-चारच प्रसंग येतात. आघाडीवीरांनाही हाच न्याय लागू होतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तिन्ही साखळी सामने हरलेल्या आणि बराच वेळ बचावात गुंतलेल्या त्या संघातील आघाडीवीराच्या फटक्यांची संख्या त्याच गटातील घानाच्या आघाडीवीराशी थेट ताडून पाहता येत नाही.

स्थानिक निवड चाचणीत वही घेऊन बसणाऱ्याने म्हणूनच खेळाडूच्या टॅकलसोबत प्रतिस्पर्धी संघाचे पासही मोजावेत, आणि प्रत्येक नोंदीपुढे त्या वेळचा गोलफरक लिहावा.