आडनावावर बंदी : मॅकग्रेगर कुळाची शिक्षा

स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्स भागात शेजारच्या कुळाची गुरे रातोरात हाकून नेणे शतकानुशतके चालत आले होते आणि पकडल्या गेलेल्यांना फाशीही होत असे. मॅकग्रेगर कुळाला मात्र याहून वेगळी शिक्षा झाली. सोळाव्या शतकात त्यांच्या जमिनींची कायदेशीर मालकी बलाढ्य कॅम्पबेल सरदारांकडे गेली होती. पिढ्यानपिढ्या कसलेल्या जमिनीवर ते केवळ खंडकरी म्हणून उरले, पुढे तेथूनही हुसकले गेले आणि त्यांतले अनेक लुटीवर जगू लागले. त्यांच्या दरोडेखोरीची चर्चा ही गोष्ट वगळून करणे मला अन्यायाचे वाटते.

७ फेब्रुवारी १६०३ रोजी लॉक लोमंड सरोवराजवळच्या ग्लेन फ्रुइन खोऱ्यात त्यांनी कोहून कुळाच्या शंभराहून अधिक लोकांना ठार केले. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स तेव्हा इंग्लंडचे सिंहासन स्वीकारायला निघण्याच्या तयारीत होता. तो राजधानी एडिनबरा सोडण्याच्या दोनच दिवस आधी, ३ एप्रिल रोजी, प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, मॅकग्रेगर हे नाव रद्द केले. नाव न बदलणाऱ्यास देहदंड होता. कुळप्रमुख अलास्टर मॅकग्रेगर याला, इंग्लंडला सुखरूप पोहोचवू असे आश्वासन देऊन, कॅम्पबेलांचा प्रमुख अर्ल ऑफ अर्गाइल याने ताब्यात घेतले. वचन अक्षरशः पाळले गेले : त्याला सीमेपलीकडे नेऊन तसेच परत आणण्यात आले आणि २० जानेवारी १६०४ रोजी एडिनबरा येथे साथीदारांसह फाशी देण्यात आली.

पुढची काही वर्षे अधिक क्रूर होती. दुसऱ्या मॅकग्रेगरला ठार करणाऱ्या मॅकग्रेगरला माफी देऊ करण्यात आली. चौघांहून अधिक जणांनी एकत्र जमू नये, जेवणासाठी लागणाऱ्या बोथट टोकाच्या सुरीखेरीज शस्त्र बाळगू नये, असे निर्बंध आले. नाव टाकलेल्यांवरही संशय कायम राहिला. जन्मालाच गुन्हा मानण्याची ही रीत महाराष्ट्रातल्या भटक्या-विमुक्तांना १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यामुळे चांगलीच ठाऊक आहे.

राजा दुसऱ्या चार्ल्सने १६६१ मध्ये बंदी उठवली, पण १६९३ मध्ये ती पुन्हा लादली गेली. त्यामुळेच याच कुळातल्या प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय याला आईचे कॅम्पबेल हे आडनाव लावावे लागले. त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, १७७४ मध्ये, मॅकग्रेगरांना आपले नाव कायद्याने परत मिळाले.