भाषा बदलली म्हणजे माणूस जवळ आला असं नाही

बेळगावात दोन भाषा येणं ही काही मिरवायची गोष्ट नाही. रविवार पेठेतला हमाल, खानापूर बसचा कंडक्टर, शहापुरातली भाजीवाली, सगळ्यांचं मराठी-कन्नड दोन्हीत चालतं, वर कामापुरती हिंदी. बोलता बोलता भाषा बदलली हे आपल्याला जाणवतही नाही. म्हणूनच बहुधा संवादशास्त्रातल्या दोन संकल्पनांची आपल्याकडे हमखास गल्लत होते. एक कोड स्विचिंग, म्हणजे बोलताना एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाणं. दुसरी अकोमोडेशन, म्हणजे समोरच्याप्रमाणे आपलं बोलणं जुळवून घेणं. दोन्हींसाठी उदाहरणही एकच दिलं जातं: दुकानदार गिऱ्हाईक बघून भाषा बदलतो. उदाहरण बरोबर आहे, पण फरक समजायला निरुपयोगी, कारण तिथे दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात.

त्यापेक्षा एखादी तालुका कचेरी बघा. शेतकरी उताऱ्यासाठी आलेला. टेबलामागचा कारकून त्याच्याच पट्ट्यातला. “काय मामा, ऊस गेला काय कारखान्याला?” इथपर्यंत मराठी. मग कागद पुढे आला की कन्नड: “अर्जी कोड्री, आधार झेरॉक्स कोड्री” (अर्ज द्या, आधारची झेरॉक्स द्या). शिक्का बसला की परत मराठी: “पोराचं लग्न ठरलं म्हणं?” माणूस तोच, खुर्ची तीच. विषय घरातून कचेरीत गेला आणि पुन्हा घरी आला, भाषा त्याच्या मागून गेली. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या हेम्नेसबर्गेट गावात यान-पेटर ब्लोम आणि जॉन गम्पर्झ या अभ्यासकांनी नेमकं हेच टिपलं होतं. कचेरीत घरच्यांची विचारपूस गावच्या बोलीत, कामकाज प्रमाण नॉर्वेजियनमध्ये. १९७२ साली छापलेला त्यांचा लेख कोड स्विचिंगच्या अभ्यासाचा पाया मानला जातो. बदल दुसऱ्या कारणानेही होतो. हाच शेतकरी घरी जाऊन बायकोला सगळी हकीकत मराठीत सांगेल, पण साहेबाचं “नाळे बर्री” (उद्या या) मात्र कन्नडमध्येच, साहेबाच्या आवाजात. त्याशिवाय उद्या परत हेलपाटा आहे हे तिला पटायचं नाही.

या सगळ्यात कोण कोणाकडे झुकलं? कोणीच नाही.

अकोमोडेशनचा सगळा जीव त्या झुकण्यात आहे. समाजमानसशास्त्रज्ञ हॉवर्ड जाइल्स यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हा सिद्धांत मांडायला घेतला, तेव्हा त्यांचा मूळ विषय भाषा नव्हता, उच्चार होते. माणूस बोलताना समोरच्याच्या दिशेने सरकतो, त्याच्यापासून लांब सरकतो, किंवा मुद्दाम आहे तिथेच राहतो. सरकण्यासाठी काहीही चालतं: बोलण्याचा वेग, आवाजाची पट्टी, मधले थांबे, शब्दांची निवड. भाषा बदललीच पाहिजे असं मुळीच नाही.

आपल्याकडची मुलगी घरी “मी येतो”, “मी जेवलो” म्हणते. पुण्याच्या हॉस्टेलवर गेली की थोड्या दिवसांत “येते”, “जेवले” सुरू होतं, वाक्यामागचा “की” गळतो, हेल सपाट होतो. गणपतीला गावी आल्यावर तोंडून “येते” निसटलं की काकू लगेच पकडते, “पुण्याची झालीस की ग!” आणि तिसऱ्या दिवशी “येतो” परत येतं. मराठीची मराठीच राहिली, तरी ती दोनदा सरकली, एकदा मैत्रिणींकडे आणि एकदा काकूकडे. कोणी म्हणेल, हेही कोड स्विचिंगच, नॉर्वेतही बोली आणि प्रमाणभाषाच होती. हरकत रास्त आहे, इथे कुंपण खरंच पुसट आहे. पण कारकुनाने उडी मारली, ही मुलगी घसरत गेली. निकोलस कूपलंड यांनी कार्डिफमधल्या एका प्रवास कंपनीतल्या कर्मचारी बाईंचे उच्चार तपासले होते (१९८४). गिऱ्हाईक जितकं प्रमाण इंग्रजीच्या जवळचं बोलेल, तितक्या बाईही तिकडे सरकत. भाषा सबंध वेळ इंग्रजीच.

माझी चाचणी साधी आहे. माणूस तोच ठेवा आणि विषय बदला. भाषा बदलली, तर कोड स्विचिंगचा संशय घ्या. विषय तोच ठेवून माणूस बदला. तेवढ्याने बोलणं हललं, तर अकोमोडेशन. दुकानदाराच्या उदाहरणात गिऱ्हाईक बदलतं आणि त्याच्यासोबत भाषाही, म्हणून ते दोन्ही खात्यांत जमा होतं.

या चाचणीला अपवादही आहे. आपल्या सीमेपलीकडे जवळच, सांगली जिल्ह्यातलं कुपवाड हे गाव तर भाषाशास्त्रात जगभर माहीत आहे. गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा त्यावरचा लेख १९७१चा. कोणाच्या घरात कन्नड, कोणाच्या उर्दू, कोणाच्या मराठी. वेगवेगळ्या समाजांची माणसं एकमेकांशी बोलताना बहुतेकदा मराठीवर येत, कारण ती सहसा दोघांपैकी कोणाच्याच घरची नसे. कन्नड घरातल्या जमीनदाराने उर्दू घरातल्या माणसाशी मराठीत बोलायचं. भाषा बदलली, पण कोणाकडे झुकायला लागू नये म्हणूनच.

लांब सरकण्याचा प्रकार सीमाभागात वेगळा शिकवावा लागत नाही. रिशार बूरी आणि जाइल्स यांनी वेल्समध्ये एक प्रयोग केला, १९७७ सालचा. वेल्श शिकणाऱ्या लोकांना उच्चभ्रू इंग्रजी उच्चारांच्या माणसाने विचारलं, ही मरायला टेकलेली भाषा शिकता कशाला? उत्तरं इंग्रजीतच आली, पण अनेकांनी वेल्श हेल जाड केला, काहींनी मध्येच वेल्श शब्द पेरले. एक बाई थोडा वेळ गप्प बसली आणि मग माइकमध्ये शांतपणे एक वेल्श क्रियापद चालवत बसली, तेही चारचौघांत न म्हणण्यासारखं! एरवी शेजाऱ्याशी हसत “हौद्री” (हो जी) म्हणणारा माणूस १ नोव्हेंबरला, कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी भाषकांचा काळा दिन यांच्या वातावरणात, ठासून मराठी बोलतो, तेव्हा त्याचं कन्नड कच्चं झालेलं नसतं.

झुकणं समोरच्याला कसं वाटतं, हा मात्र निराळा मामला. माँट्रियलमधल्या १९७३च्या प्रयोगात फ्रेंच भाषक वक्त्याने इंग्रजीसाठी जितकी मेहनत घेतलेली दिसली, तितका तो इंग्रजी श्रोत्यांना आवडला आणि तेही त्याच्यासाठी फ्रेंचकडे वळले. आपल्याकडे हे नेमकं उलटं बसू शकतं. म्हैसूरकडून बदलीवर आलेला बँकेचा साहेब हौसेने मराठी शिकतो, बाजारात “मेथी कशी दिली?” विचारतो, आणि भाजीवाली त्याचा हेल ओळखून कन्नडमध्ये दर सांगते. ती त्याच्याकडे झुकली, त्याला वाटलं आपलं मराठी नाकारलं. भाजीवालीचा हिशोब साधा असतो: मागे चार गिऱ्हाईकं खोळंबलीत, आणि कन्नडमध्ये सुट्ट्या पैशांचा घोळ लवकर मिटतो.