पऱ्हाटीची गंजी

यवतमाळ-वर्ध्याकडे सरपणाची ओरड सुरू झाली की बोट आधी जंगलाकडे जातं. चुकीचं नाही, पण ती निम्मीच गोष्ट. 1878 च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलातून मोळी आणणं सरकारच्या मर्जीवर आलं. थोड्या जमिनीचे शेतकरी रानातला लाकूडफाटा विकून निभावत, जंगलखात्याने तेही तोडलं, असं जोतीराव फुले 1883 मध्येच ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लिहून गेले. 1930 साली पुसदला वऱ्हाडचे पुढारी बापूजी अणे यांनी राखीव रानातलं गवत कापून सत्याग्रह केला, त्यामागे हीच चीड होती.

तरी चुली पेटत राहिल्या, कारण रोजचं जळण शेतातूनच येई. कापूस आटोपला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, तुरीमागून तुराट्या, ज्वारी कापल्यावर रानात उरलेली धसकटं. पऱ्हाटी भडकते आणि तशीच विझते. भाकरी थापणारीला सारखी चुलीत काडी सरकवावी लागते. दूध तापायला मंद गोवरी बरी. जाड लाकूड हाती लागलंच, तर ते लग्नकार्याला नाहीतर पावसाळ्याला राखून ठेवायचं. कशावर काय शिजवायचं, हे ठरवण्यातच बाईची अर्धी काटकसर असे.

सोयाबीन आलं, ज्वारी मागे पडली आणि धसकटं गेली. मळणीयंत्रातून निघणारं सोयाबीनचं कुटार चुलीच्या कामाचं नाही. ट्रॅक्टरने बैल घटले, गोवऱ्याही घटल्या. गोबरगॅसलाही दारात जनावरं लागतात. भूमिहीनाने काय करावं? मग 2016 मध्ये गरीब घरांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना आली, देशातली आठ कोटींवी जोडणी 2019 मध्ये औरंगाबादेत दिली गेली. सिलिंडर घरोघर पोचलं खरं, पण बऱ्याच घरांत त्यावर चहा होतो आणि पाहुण्यांचे पोहे. आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं.

उरली पऱ्हाटी. भूमिहीन मजुरांचा शेतमालकाशी जुना सौदा असे: शेत उपटून मोकळं करा आणि पऱ्हाटी घेऊन जा. पैशाचा व्यवहार नाही. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, आणि पऱ्हाटीच्या गंज्या घालू नका, त्यात अळी टिकते, असं कृषी खातं बजावू लागलं. सल्ला रास्तच आहे. आता यंत्र फिरतं, पऱ्हाटीचा भुगा मातीत जातो, आणि उपटायला बोलवायचं कारणच उरत नाही.