बारा मोटेची विहीर

सातारा जिल्ह्यातील लिंब गावाच्या शिवारात, शेरी लिंब येथे असलेली अठराव्या शतकातील दगडी विहीर. खोली सुमारे ११० फूट, व्यास सुमारे ५० फूट. एकाच वेळी बारा मोटा, म्हणजे बैलांनी पाणी ओढण्याच्या चामडी पिशव्या, चालत म्हणून हे नाव. व्याकरणाने ‘बारा मोटांची’ व्हायला हवे, पण गावाच्या तोंडी ‘बारा मोटेची’च बसले आहे आणि पाट्यांवरही तेच आले आहे. विहिरीच्या पोटात एक छोटा महाल आहे. हल्ली ‘आयुष्यात एकदा तरी पाहावे’ म्हणून तिचे नाव निघते ते या महालामुळेच. मोटांविषयी फारसे कोणी बोलत नाही. खरे तर विहीर आधी पाणी उपसण्यासाठी आहे, महाल त्या उपशाच्या सोयीतून मिळालेल्या जागेवर उभा आहे. मोट कशी चालते हे ठाऊक असले की इथला दगडन्‌दगड का आणि कुठे आहे ते कळते. नाही तर पाहणारा महालाच्या कमानीत फोटो काढून परततो.

लिंब हे कृष्णाकाठचे गाव, सातारा शहराच्या उत्तरेस सुमारे १६ किलोमीटरवर. पुण्याहून येणाऱ्याला महामार्ग सोडून आत वळावे लागते. शेरी म्हणजे सरकारी किंवा राजघराण्याच्या खासगीकडची जमीन. तेव्हा ही विहीर कोणाच्या रानासाठी खणली याचा सुगावा जागेच्या नावातच आहे. कृष्णा जवळून वाहते, मग एवढी खोल विहीर कशाला, असे बाहेरच्याला वाटते. पण नदीचे पाणी पात्रात खाली आणि रान वर. ते चढवायचे तर उपसा आलाच. मग तो हव्या त्या जागी, बाराही महिने करता यावा म्हणून विहीर.

विहिरीत उतरण्याच्या वाटेवर शिलालेख आहे. त्यानुसार बांधकाम शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ या काळात झाले आणि ते श्रीमंत वीरूबाई भोसले यांनी करविले. वीरूबाई या छत्रपती शाहू महाराजांच्या अंतःपुरातील. महाराजांनी पुत्रवत सांभाळलेले, अक्कलकोट संस्थानाचे मूळपुरुष फत्तेसिंह भोसले यांचे संगोपन त्यांनीच केले. काम सुरू झाले ते सालही ध्यानात घेण्यासारखे आहे. १७१९ मध्येच बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले आणि महाराणी येसूबाईंची मोगलांच्या कैदेतून सुटका झाली. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये सुटून आलेल्या शाहू महाराजांची पहिली काही वर्षे गादी टिकवण्यातच गेली होती. पाच वर्षे गवंडी आणि पाथरवट एका विहिरीवर बसवायचे तर आधी घर स्थिर लागते. ते स्थैर्य याच सुमारास आले.

विहिरीचा आराखडा वरून पाहिला तर शिवलिंगासारखा दिसतो : एका टोकाला मोठी अष्टकोनी विहीर, तिला लागून लांबोळका आयताकृती भाग, आणि दोहोंच्या मध्ये महाल. रुंद दगडी पायऱ्यांनी खाली उतरत गेले की कमान लागते. चैत्र-वैशाखात बाहेर डोके तापलेले असते, आणि कमानीखाली पाऊल टाकताच गारवा अंगाला लागतो, मातीच्या माठाजवळ बसल्यासारखा. भिंतींच्या जाडीत अरुंद जिने काढले आहेत. त्यांनी महालात चढता येते. जिन्यात अंधार असतो, एका वेळी एकच माणूस मावतो, आणि वरून कोणी येत असेल तर खालच्याला मागे सरावे लागते. वर आले की पुन्हा लख्ख उजेड, समोर अष्टकोनाची भिंत आणि खाली हिरवट पाणी.

आता मोट. मोट म्हणजे विहिरीतून पाणी ओढण्याची चामड्याची मोठी पिशवी. मोठ्या मोटेत शंभर लिटरांहून अधिक पाणी मावे. तिच्या तोंडाला लोखंडी कडे असते आणि बुडाला हत्तीच्या सोंडेसारखी निमुळती नळी. तिला सोंडच म्हणतात. दोर दोन. जाड तो नाडा, कड्याला बांधलेला. तो विहिरीच्या काठावर उंच बसवलेल्या चाकावरून जातो. बारीक तो सोंदूर, सोंडेच्या टोकाला बांधलेला. तो खाली, काठाला लागून असलेल्या लाटेवरून, म्हणजे आडव्या फिरत्या रुळावरून. दोन्ही दोरांची दुसरी टोके बैलांच्या जुवाला. मोट पाण्यात बुडून भरली की बैल उतारावरून खाली चालू लागतात. या उताराला धाव म्हणतात. मोट वर येत असताना सोंदूर सोंडेचे टोक तोंडाच्या बरोबरीने वर धरून ठेवतो, म्हणून वाटेत पाणी सांडत नाही. मोट काठाशी आली की नाडा तिला वर चाकाकडे ओढतो, सोंदूर मात्र सोंडेला खाली बाहेर खेचतो, आणि सगळे पाणी धबकन थारोळ्यात पडते. थारोळे म्हणजे काठावरचे दगडी कुंड. तिथून पाटाने रानात. ना झडप, ना हाताने ओतणे. दोन दोरांच्या लांबीत जो हिशोब असतो त्यावर सगळे चालते, आणि तो हिशोब चुकला की सोंड मध्येच गळते.

मोटकरी धावेवरून उतरताना नाड्यावर बसे. त्याचे वजन बैलांच्या मदतीला येई. मोट रिकामी झाली की बैलांना मागे चालवत धाव चढायची. बैल पुढे चालतो हे कोणीही पाहिलेले असते. उलट पावली, न बिचकता चढणारा बैल तयार करावा लागे, आणि मोटेचा बैल म्हणून बाजारात त्याला वेगळा भाव असे. दिवसभर तेच ते, म्हणून मोटेवरची गाणी. ती बैलांसाठी जितकी, तितकीच माणसासाठी.

हे एका मोटेचे. अशा बारा मोटा एका विहिरीवर लावायच्या तर किमान बारा जोड्या, म्हणजे चोवीस बैल, बारा मोटकरी, बारा धावा. पाणी जितके खोल, साधारण तितकी धाव लांब. त्यामुळे विहिरीचा काठ अमुक एवढा हवा, बैलांनी एकमेकांच्या वाटेत येऊ नये, एका मोटेचा नाडा दुसरीच्या सोंदुराला गुंतू नये, हे सगळे नकाशातच सोडवावे लागते. एकट्या गोल विहिरीच्या काठावर ते जमणे अवघड. विहीर अष्टकोनी आहे आणि तिला आयताकृती भाग जोडलेला आहे याचे एक कारण शिवलिंगाचा आकार असेल, ते नाकारायचे नाही. पण आठ सरळ कडा मिळाल्या की मोटा सरळ रेषेत बसवता येतात, हेही तितकेच खरे. काठावर मोटांसाठी पंधरा जागा आहेत, त्यांपैकी बारांवर एकाच वेळी उपसा होई. उरलेल्या तीन दुरुस्तीच्या काळासाठी असाव्यात असे मानायला हरकत नाही, कारण चामडे फाटते, दोर झिजतो आणि पाणी थांबवून चालत नाही. हे पाणी आमराईला जाई. इथे ३,३०० आंब्याची झाडे होती असे सांगितले जाते. आज आजूबाजूला उसाचे फड दिसतात.

महालाच्या खांबांवर कोरीव काम आहे : गणपती, हनुमान, हत्तीवरचा स्वार, घोडेस्वार, फुले, भौमितिक नक्षी. विहिरीच्या भिंतीवर शरभ आहेत. शरभ हा सिंहासारखा काल्पनिक प्राणी, महाराष्ट्रातल्या गडांच्या दरवाजांवर नेहमी भेटणारा. पायाखाली हत्ती दाबलेला शरभ म्हणजे सत्तेची खूण. शेताच्या विहिरीवर तो येतो तेव्हा ही विहीर कोणाची हे पाणी भरायला येणाऱ्यालाही वेगळे सांगावे लागत नसे. छत्रपती प्रतापसिंह महाराजांची (१८३९ मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले) खलबते या महालात होत, असे स्थानिक सांगतात. जागा तशी आहे खरी. बाहेर बारा मोटांची करकर आणि पाण्याचा आवाज असताना आतले बोलणे कोणाच्या कानावर जाणार?

महाराष्ट्रात पायऱ्यांच्या विहिरीला बारव म्हणतात, आणि अरुंद, बिनपायऱ्यांचा तो आड. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ मधला. लिंबच्या विहिरीला पायऱ्या असूनही लोक तिला बारव म्हणत नाहीत, कामावरून नाव देतात. गुजरातमधील पाटणची राणी की वाव अकराव्या शतकातील, २०१४ पासून जागतिक वारसा स्थळ, आणि शंभराच्या नव्या जांभळ्या नोटेवर तिचे चित्र. शिल्पांच्या बाबतीत लिंब तिच्या जवळपासही जात नाही आणि तशी तुलना करणे अन्यायाचे आहे. पाटणची वाव देवळासारखी पाहायची असते, लिंबची विहीर एखाद्या कारखान्यासारखी.

मोटा गेल्या त्या इंजिनांमुळे. शेजारच्या सांगली जिल्ह्यात १९१० मध्ये उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीत आधी लोखंडी नांगर आणि पुढे पंप तयार होऊ लागले. नंतर गावोगावी वीज आली आणि एका माणसाने बटण दाबून बारा जोड्यांचे काम होऊ लागले. धावा बुजल्या, चाके उतरली. आज पन्नाशीच्या आतल्या बहुतेकांनी चालती मोट पाहिलेली नाही. ‘मोट बांधणे’ हा शब्दप्रयोग मात्र राजकारणाच्या बातम्यांत रोज असतो. तिथली मोट म्हणजे गाठोडे, पाण्याची नव्हे.

पाहायला जायचे तर सकाळ बरी. ऊन आत पोहोचते आणि खांबांवरची नक्षी उठून दिसते. दुपारी पारवे आणि माणसे दोन्ही वाढतात. जोडून कृष्णेच्या पात्राजवळचे कोटेश्वर मंदिर आणि माहुलीचा कृष्णा-वेण्णा संगम होतो. माहुलीत शाहू महाराजांच्या कुत्र्याची म्हणून ओळखली जाणारी समाधी आहे, तीही चुकवू नये. विहिरीवर मोटांच्या जागा उघड्या आहेत आणि खाली थेट पाणी आहे. पाऊस झालेला असला तर दगड निसरडे होतात. पोरांचा हात सोडू नये.