उपग्रहीय लघुसंदेश सेवा

मोबाइल टॉवरच्या टप्प्याबाहेर असताना नेहमीच्या हँडसेटवरून थेट कृत्रिम उपग्रहामार्फत एसएमएस पाठविण्याची व मिळविण्याची व्यवस्था. इरिडियम, थुराया इ. जाळ्यांवर चालणारे जाड अँटेनाचे सॅटेलाइट फोन या नोंदीत अभिप्रेत नाहीत.

प्रारंभ : पहिला संदेश कोणाचा, याविषयी एकमत नाही. ‘साधा मोबाइल’ कशाला म्हणावे, हे ठरल्याशिवाय हा वाद सुटण्यासारखाही नाही. खिशात मावणारा कोणताही फोन साधा मानला, तर 2010 मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या ‘टेरेस्टार जीनस’पर्यंत मागे जाता येते. जुलै 2009 मध्ये सोडलेल्या टेरेस्टार–1 या उपग्रहाची सुमारे 18 मी. व्यासाची अँटेना त्याच्या दिमतीला होती. मात्र ऑक्टोबर 2010 मध्येच कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. शिवाय या फोनमध्ये उपग्रहासाठी वेगळी यंत्रणा होती. हाच आक्षेप पुढील दोन दावेदारांनाही लागू पडतो. सप्टेंबर 2022 मध्ये हुआवेने मेट 50 (चीनच्या बैदू उपग्रहमालेवर चालणारा) आणि लगेच दुसऱ्या दिवशी अ‍ॅपलने आयफोन 14 (ग्लोबलस्टार कंपनीच्या उपग्रहांवर चालणारा) जाहीर केला. अ‍ॅपलची आणीबाणी सेवा 15 नोव्हेंबर 2022 पासून अमेरिका व कॅनडात सुरू झाली.

कोणताही बदल न केलेला, आधीपासून बाजारात असलेला फोन हीच कसोटी धरावी, असे दुसरे मत आहे. त्यानुसार मान लिंक या अमेरिकी कंपनीकडे जातो. सिग्नस मालवाहू यानावर बसविलेल्या यंत्रणेतून 24 फेब्रुवारी 2020 रोजी फॉकलंड बेटांवरील फोनवर संदेश उतरविल्याचे तिने जाहीर केले. तो एकतर्फी होता. दुतर्फी देवाणघेवाण तिने 2021 मध्ये दाखविली. ही माहिती मुख्यतः कंपनीच्याच निवेदनांवरून मिळते, हे लक्षात घेऊनही दुसरी कसोटी अधिक ग्राह्य वाटते. कारण पुढे स्टारलिंक व एएसटी स्पेसमोबाइल या उपग्रहसेवा कंपन्यांनी याच वाटेने जाणे पसंत केले.

तांत्रिक स्वरूप : 4जी फोनची प्रेषणशक्ती जास्तीत जास्त सुमारे 0.2 वॉट असते. अंतर दहापट झाले की पोहोचणारी शक्ती शंभरपट घटते. त्यामुळे उपग्रह शक्य तितका खाली आणणे किंवा त्याची अँटेना मोठी करणे, एवढेच पर्याय उरतात. स्टारलिंकचे या कामासाठीचे उपग्रह सुमारे 360 किमी. उंचीवर फिरतात, ग्लोबलस्टारचे सुमारे 1,414 किमी.वर आहेत. एएसटीच्या ब्लूवॉकर 3 (सप्टेंबर 2022) या चाचणी उपग्रहाची अँटेना 64 चौ. मी. होती आणि तिच्या तेजामुळे खगोलशास्त्रज्ञांनी तक्रारीही केल्या.

खरी अडचण डॉप्लर परिणामाची आहे, म्हणजे उपग्रह वेगाने जवळ येताना किंवा दूर जाताना लहरींची कंप्रता (फ्रिक्वेन्सी) बदललेली भासते. 360 किमी. उंचीवरील उपग्रहाचा वेग सेकंदाला सुमारे 7.5 किमी.हून थोडा अधिक असतो. 1.9 गिगॅहर्ट्झ कंप्रतेवर तेवढ्या वेगाने पडणारा फरक 45 किलोहर्ट्झच्या पुढे जाऊ शकतो, तर 4जीमध्ये लगतच्या दोन उपवाहकांतील (माहिती वाहून नेणाऱ्या अरुंद कंप्रतापट्ट्यांतील) अंतर केवळ 15 किलोहर्ट्झ असते. महामार्गावरच्या गाडीचा वेग गृहीत धरून बनविलेल्या फोनला हे झेपत नाही. म्हणून कंप्रतेची दुरुस्ती उपग्रहाच्या बाजूनेच आगाऊ केली जाते. विलंबाचेही तसेच : जुन्या जीएसएम (2जी) पद्धतीत फोन टॉवरपासून 35 किमी.च्या आत असेल असे धरलेले होते, उपग्रह मात्र शेकडो किमी. दूर असल्याने संदेश पोहोचायला अधिक वेळ लागतो. फोनला मात्र आपण आणखी एका टॉवरशी बोलत आहोत, एवढेच कळते.

अ‍ॅपलच्या पद्धतीत भार फोनवरही आहे. उपग्रह कोणत्या दिशेला आहे ते पडदा दाखवितो, मजकूर आटवून लहान केला जातो आणि आणीबाणीत ठरावीक प्रश्नांची उत्तरे निवडून पाठविता येतात. कंपनीच्या म्हणण्यानुसार मोकळ्या आकाशाखाली संदेशाला सुमारे 15 सेकंद लागतात. झाडीखाली एक मिनिटाहून अधिक.

एका एसएमएसमध्ये 140 बाइट मावतात. रोमन लिपीत त्यात 160 अक्षरे बसतात, तर देवनागरीत 70. त्यातही काना, मात्रा, हलंत स्वतंत्र मोजले जातात. ‘महाराष्ट्र’ या शब्दाला त्यामुळे 10 जागा लागतात. अडकलेल्या गिर्यारोहकाला हा हिशेब किरकोळ नाही.

प्रसार : स्टारलिंकने असे पहिले सहा उपग्रह जानेवारी 2024 च्या आरंभी सोडले व त्याच महिन्यात संदेश पाठवून दाखविले. या उपग्रहांवरील सेवा न्यूझीलंडमध्ये वन एनझेड या मोबाइल कंपनीने डिसेंबर 2024 मध्ये, तर अमेरिकेत टी-मोबाइल या मोबाइल कंपनीने जुलै 2025 मध्ये खुली केली. टॉवरसाठी दिलेली कंप्रता आकाशातून वापरण्याचे नियम अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने मार्च 2024 मध्ये संमत केले.

भारत : बीएसएनएल व व्हायासॅट ही अमेरिकी उपग्रह कंपनी यांनी 2024 मध्ये सुमारे 36,000 किमी. उंचीवरील भूस्थिर (पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर भासणाऱ्या) उपग्रहामार्फत दुतर्फी संदेशांचे प्रात्यक्षिक केले. विनापरवाना उपग्रह संदेशयंत्र बाळगणे मात्र गुन्हा ठरतो. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यात दहशतवाद्यांनी थुराया फोन वापरल्यानंतर याबाबतची दक्षता वाढली. गिर्यारोहणासाठीची छोटी संदेशयंत्रे जवळ बाळगल्यामुळे गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांवर कारवाई झाली आहे. मासेमारी नौकांसाठीच्या उपग्रह ट्रान्सपाँडर (उपग्रहामार्फत संदेश देणारे-घेणारे यंत्र) योजनेचा प्रारंभ 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथे झाला. तीत 1 लाख नौकांचे उद्दिष्ट आहे. ते यंत्र नौकेवर वेगळे बसवावे लागते, त्यामुळे ही योजना येथे केवळ निकटचा विषय म्हणून नोंदविली आहे. एएसटीचा सुमारे 6,100 किग्रॅ. वजनाचा ब्लूबर्ड उपग्रह डिसेंबर 2025 मध्ये श्रीहरिकोट्याहून एलव्हीएम 3 यानाने सोडण्यात आला.